फणसाच्या पाटाची दुसरी वायर

रबरी पॅडवर मी पेन्सिल उलटी धरून हळूच आपटली आणि मॉड्युलच्या स्क्रीनवर आकडा आला, १२७. पुन्हा आपटली, आणखी हळू. १२७. मग मुठीने एक सणसणीत ठोसा दिला. १२७.

“बघितलात?” समोरच्या स्टुलावर बसलेली सुजाता म्हणाली. “मुंगी चालली काय नि हत्ती चालला काय, ह्याला सगळा सारखाच.”

मी रत्नागिरीत साऊंडची उपकरणं दुरुस्त करते. मिक्सर, अॅम्प्लिफायर, माईक, कीबोर्ड. गणपती जवळ आले की माझं टेबल सामानाखाली दिसेनासं होतं. सुजाता आली ती नेमकी त्याच दिवसांत, लांज्याहून सकाळच्या एसटीने, मांडीवर हे खोकं घेऊन. ती तिथे काजूच्या फॅक्टरीत काम करते आणि तिच्या वाडीतल्या बायकांच्या जाखडी मंडळाची शाहीर आहे. जाखडी हा आमचा गणपतीतला नाच. गाणारे-वाजवणारे मधोमध बसतात आणि पायात घुंगरू बांधलेल्या नाचणाऱ्यांचं रिंगण त्यांच्याभोवती फिरतं. मधे बसून गाते ती शाहीर. सुजाताच्या शेजारी ढोलकीवर तिचे वडील, गोविंदभाऊ. ती पहिल्यांदा गायली त्या दिवसापासून ती जागा त्यांची.

गेल्या वर्षी गोविंदभाऊ काजूच्या झाडावरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही आणि त्या पायावर वजन घ्यायचं नाही. ढोलकी मांडीतच धरतात. तेव्हा ढोलकीवाल्याला हे सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात उतरू नको म्हणून सांगणं.

“मग आम्ही ढोलकी स्टँडला बांधून दिली,” सुजाता म्हणाली. “खुर्चीत बसून वाजवायला. चार दिवसांत पुडी फोडली.”

पुडी म्हणजे ढोलकीचं चामडं.

“नवीन पुडी चढवली. ती पण फोडली. मला कळतंय तेव्हापासून बाबांच्या हातनं पुडी फुटलेली आठवत नाय, ताई.”

हे वाक्य तेव्हाच माझ्या कानावर पडलं होतं. मी ते सोडून दिलं. माझं सगळं लक्ष त्या १२७ वर होतं.

मग सुजाताच्या मुंबईतल्या चुलतभावाने कुठल्याशा ऑर्केस्ट्रातून हाताने वाजवायचे दोन जुने पॅड आणि त्यांचा आवाज काढणारं एक मॉड्युल पाठवलं. ‘हे काही काकांच्या हातनं फुटणार नाही’ असं म्हणाला. पॅड फुटले नाहीत. ऐकणाऱ्यांचे कान तेवढे फुटायचे राहिले. कुठलीही थाप मारली तरी आवाज एकच, तोफेसारखा. त्यात एका थापेच्या दोन थापा वाजायच्या, आणि उजव्या पॅडवर मारलं की डावाही ओरडायचा. सुजाताचं गाणं त्याखाली चिरडून जायचं.

“मंडळातल्या बायका काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, गोविंदकाकांचा मान हाय, पण लोक गाणं ऐकायला येतात. पुढच्या नाय त्याच्या पुढच्या रविवारी मोठी तालीम हाय. तोपर्यंत जमलं नाय तर बाजूच्या वाडीतला वादक बोलवायचा.”

“भाऊंना सांगितलंस?”

“नाय.” तिने ओढणीच्या टोकाने मॉड्युलची स्क्रीन पुसली. ती आधीच स्वच्छ होती. “खुर्चीत बसायला तयार झाले ते माझ्या बाजूला बसता यावं म्हणून. त्यांना आता काय सांगू, उठा म्हणून?”

डोळ्यांत पाणी आलेलं माणूस समोर असलं की माझे हात चालत नाहीत. मी तिला चहा सांगायला पाठवलं आणि पॅड उघडला.

आता थोडं आतलं सांगते. रबराखाली लोखंडी पत्रा असतो. पत्र्याला पितळेची एक चकती चिकटवलेली असते, रुपयाएवढी, वर पांढरा थर. तिला पीझो म्हणतात. गॅसच्या लायटरमध्ये टक् केल्यावर ठिणगी पडते, ती तिच्याच भावंडाची करामत. चकतीला धक्का बसला की ती वीज तयार करते. जेवढा धक्का मोठा तेवढी वीज जास्त. ह्या विजेला आमच्या भाषेत ट्रिगर सिग्नल म्हणायचं. मॉड्युल ती मोजतं आणि १ ते १२७ मध्ये आकडा देऊन त्या जोराचा आवाज काढतं. १२७ हा शेवट. त्याच्या वर कितीही मारा, १२७च. शेराच्या मापात दीड शेर तांदूळ ओतले तरी माप शेरच दाखवतं, उरलेले खाली सांडतात. तसंच हे.

पॅड एका कंपनीचे होते, मॉड्युल दुसऱ्या कंपनीचं. दोघांची सोयरीक आधी कोणी जुळवून बघितलीच नव्हती. पॅड पाठवत होता भरमसाट आणि मॉड्युलचं माप लहान. मॉड्युलची सेन्सिटिव्हिटी सुजाताच्या चुलतभावाने आधीच तळाला नेऊन ठेवलेली. पुढे काही वाव नव्हता. मग उपाय सरळ आहे. पॅड आणि मॉड्युलच्या मधे पॉट टाकायचा. पॉट म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तो भाग. तो सिग्नलचे दोन वाटे करतो, एक पुढे पाठवतो, एक जमिनीला सोडतो. दोन्ही पॅडना मी एकेक पॉट लावला. चकतीखाली फोमचा पातळ तुकडा दिला, म्हणजे धक्का जरा मऊ होतो आणि एकाचे दोन होत नाहीत. दोन्ही पॅडमधला लोखंडी दांडा काढून तिथे रबर घातलं, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याला जात नाही.

चहा येईपर्यंत माझ्या बोटाच्या टिचकीला १८ आणि पूर्ण पंजाला ११० यायला लागले. मधले सगळे आकडे जागच्या जागी. मी पॉटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. कोणी स्क्रू फिरवला तर ठिपका फुटतो आणि आम्हाला चोर कळतो. माझ्या दुकानातलं नेलपॉलिश आजवर एकाही नखाला लागलेलं नाही.

“झालं,” मी म्हणाले. “ने आणि वाजव.”

चौथ्या दिवशी फोन. “ताई, परत १२७.”

“कोणीतरी पॉट फिरवला.”

“देवाशपथ नाय, ताई.”

ती पुन्हा आली. पुन्हा तीच एसटी, तेच खोकं, फॅक्टरीत अर्ध्या दिवसाची रजा. मी भिंग लावून बघितलं. नेलपॉलिशचा ठिपका जसाच्या तसा. माझ्या हाताला आकडेही बरोबर येत होते. मी जराशी चरफडले आणि पॉट आणखी खाली आणले. आता माझ्या पूर्ण पंजालाही जेमतेम साठ यायला लागले. “आता तुझ्या बाबांनी घण मारला तरी चालेल,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. “ताई, आता त्यांची हलकी थाप लागतच नाय. आणि भारी थाप मारली की परत वरच जाते.”

मी फोन ठेवला आणि मनात हिशोब मांडला. पॉट बदललेला नाही, चकती बदललेली नाही. म्हणजे थाप वाढतेय. मी जेवढं कमी करीन तेवढा तो माणूस वाढवतोय.

दुकान काढण्याआधी वीस वर्षं मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरी केली. मशीनचा कंप मोजायचे आणि कमी करायचे, हे आमचं काम. नवी होते तेव्हा एका गिऱ्हाईकाच्या मशीनचं रीडिंग रोज चढत होतं आणि मी रोज मीटर जुळवत होते. आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “नीला, पोराला ताप आला की तू थर्मामीटर झटकत बसतेस काय? जाऊन मशीन बघून ये.”

साहेब आता नाहीत. पण त्या दिवशी कान त्यांनीच धरला. मी सुजाताला कळवलं, रविवारी मी येते. मोठ्या तालमीला तेव्हा आठ दिवस होते.

गोविंदभाऊ पडवीत खुर्चीवर बसले होते. उंच, वाळलेले, हात मात्र खोऱ्यासारखे. मला बघून खणखणीत आवाजात म्हणाले, “हीच काय गो ती पॅडवाली बाय? बस, बस. माझ्या पायी तुला त्रास झाला.”

“त्रास कसला, भाऊ. तुमचा हात बघायला आले.”

“हात काय, हाताला काय झाला नाय. कंबरडा तेवढा मोडला,” असं म्हणून ते मोठ्याने हसले.

बोलता बोलता त्यांची बोटं स्वतःच्या चांगल्या मांडीवर चालली होती. मी वीस वर्षं कंप मोजले आहेत, मला दिसतं. एक थाप जड, दोन हलक्या, एक नुसती स्पर्श केल्यासारखी. इतकी नेमकी बोटं मी थोड्याच लोकांची बघितली आहेत. हा माणूस पुडी फोडेल, हे मला पटेना.

मग सुजाता समोर बसून गायला लागली आणि त्यांनी पॅडवर हात टाकला. १२७. १२७. १२७. पडवीच्या वाशावरची चिमणी उडून गेली. मांडीवर चालणारी ती बोटं कुठे गेली ते कळेना. एक गोष्ट मला दिसली, पण तिचा अर्थ लागला नाही. गोविंदभाऊ पॅडकडे बघत नव्हते. त्यांची नजर पूर्ण वेळ सुजाताच्या गळ्यावर होती. ती श्वास घ्यायला थांबली की तेही थांबत.

मला वाटलं, मॉनिटरचा घोळ असणार. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर म्हणजे मॉनिटर. इथला स्पीकर अंगणाकडे तोंड करून होता. मी तो त्यांच्याकडे फिरवला, आवाज वाढवला. काही फरक नाही. सुजाता चहा गाळायला आत गेली. मी त्यांच्या खुर्चीमागे वाकून प्लग बघत होते.

“भाऊ, हा प्लग काढू का?”

उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. ते अंगणातल्या पोफळीकडे बघत शांत बसले होते. तेवढ्यात माझ्या हातातला पाना सुटून चिऱ्यावर खणकन पडला. आतून सुजाताने विचारलं, काय पडलं? गोविंदभाऊंची मान हलली नाही. मी पाना उचलायला वाकले आणि माझा खांदा खुर्चीला लागला. खुर्ची जराशी हलली मात्र, ते लगेच वळले.

“काय गो बाय?”

मी समोर जाऊन बसले. त्यांना माझे ओठ दिसतील अशी. “भाऊ, किती वर्षं झाली?”

“कसली?”

“ऐकू येईनासं झालं त्याला.”

त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग हसू पुसून टाकलं. आवाज एकदम खाली आला, तोही त्यांना नीट कळला नसावा.

“पाच-सा वर्षा झाली. आदी चिमण्या गेल्या. मग फोन गेला. मग हिचा वरचा सूर गेला.”

“मग इतकी वर्षं वाजवत कसे होतात?”

त्यांनी मांडीवर पंजा ठेवला. “ह्याच्यावर. ढोलकी मांडीत धरली का ती सगळा सांगते. थाप किती लागली, कुठे लागली, जास्त झाली का. कानाचा काय काम नाय. आनि ही गायला लागली ना...” ते थांबले. “ही वरच्या सुरात गेली का पुडी आपसूक हुळहुळते. मी हात नाय लावला तरी. ता माझ्या मांडीत येता. माला पोरगी ऐकू येता.”

मी काय सांगू? मी इलेक्ट्रॉनिक्सचं शिकलेली बाई. ताणलेल्या चामड्याजवळ कोणी गायलं की चामडं थरथरतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. एक माणूस पाच-सहा वर्षं तेवढ्यावर आपल्या मुलीचं गाणं ऐकतोय, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

“आणि हे रबर?” मी विचारलं.

“ह्या रबर मुका हाय. मी मारतो, मारतो, ता काय सांगतच नाय. ती स्टँडवरची ढोलकी पन तशीच. लांबची पाव्हनी.” मग त्यांनी माझा हात धरला. “पोरीला सांगू नको गो बाय. बहिरा वाजवनारा म्हटला का मंडळ हात जोडील. त्याचा पन काय नाय. पन ही माझ्यासाठी ओरडून गायला लागेल. गळा जाईल तिचा.”

“नाही सांगत,” मी म्हणाले. “पण माझी अट आहे. गणपती गेले की कान दाखवायचे. त्याशिवाय मी एक स्क्रू फिरवणार नाही.”

“बरा.”

“शपथ?”

“घे. तुझ्या त्या पॅडची.”

सुजाता चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं हसत होतो. तिला वाटलं दुरुस्ती झाली.

एका अर्थी निदान झालंच होतं. पॉट लावून मी सिग्नल कमी करत होते. पण तो जास्त का होता, तर पाठवणाऱ्याला परत काहीच मिळत नव्हतं म्हणून. त्यांच्या मांडीला ढोलकी परत द्यायला हवी होती, वजन न देता. मी घरात एखादा जुना पाट आहे का विचारलं. सुजाताने जेवायचे दोन पाट आणले, एक शिवणीचा, एक फणसाचा. मी हलका म्हणून शिवणीचा उचलला.

“तो नको,” गोविंदभाऊ म्हणाले. “फणसाचा घे. फणस बोलतो.”

तो पाट बगलेत मारून मी एसटीने रत्नागिरीला आले. शेजारच्या आजीने विचारलं, “पूजा हाय काय?” मी म्हटलं, “तसंच काहीसं.”

दुकानात कागद फाटलेले स्पीकर खंडीभर पडलेले असतात. कागद फाटला तरी कॉइल चांगली असते, म्हणजे धडधड करणारा भाग जिवंत असतो. अशा एका स्पीकरचा कागद कापून टाकला, मधोमध लाकडी गुटका चिकटवला आणि गुटका पाटाला खालून स्क्रूने आवळला. आता स्पीकरला जे काही वाजायला दिलं, ते हवेत न जाता पाटात जाणार. पाट खुर्चीवर ठेवायचा आणि त्यावर बसायचं. पॅडचा आवाज त्याला दिला की थाप मांडीत.

सगळं जोडलं, स्वतः पाटावर बसले आणि पॅडवर हात मारला. काही नाही. पुन्हा मारला. पाट मख्ख. मी वायरी तपासल्या, अॅम्प्लिफायर तपासला, शेवटी पाट उलटा केला आणि कपाळावर हात मारून घेतला. प्रत्येक स्क्रूखाली मी रबरी वॉशर घातला होता. वीस वर्षं कंप मारायची नोकरी केलेले हात. त्यांना विचार न करता वॉशर घालायची सवय. जो कंप त्या माणसाला पोचवायचा होता, तो मीच वाटेत अडवून ठेवला होता. वॉशर काढले, बसले, आणि पहिल्याच थापेला दचकून उठले.

मग दुसरी वायर. मंडळाच्या मिक्सरला बाहेर जायची एक जादा वाट होती, तिला ऑक्स म्हणतात. मुख्य स्पीकरला हात न लावता हवा तो आवाज त्या वाटेने वेगळा नेता येतो. तिथून मी सुजाताच्या माईकचा आवाज पाटाकडे नेला.

तालमीच्या रविवारी दुपारी देवळाच्या मंडपात बायका जमल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्ष मालतीकाकू हाताची घडी घालून खांबाला टेकल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मॅडम, एकच गण ऐकू हं. गोविंदभावजींना दुखवायचा नाय आमाला. पन त्या बाजूच्या वाडीतल्या वादकाला आजच फोन करायचा हाय.”

सुजाता माझ्या शेजारी वाकून वायरी बघत होती. “ही पॅडची वायर. आणि ही दुसरी?”

“अर्थिंगची,” मी म्हणाले.

उभ्या आयुष्यात मी इतकं चुकीचं तांत्रिक उत्तर कोणाला दिलं नसेल.

गोविंदभाऊ पाटावर बसले. पहिली थाप त्यांनी सवयीने हाणली. १२७. पाट खालून असा काही उसळला की ते खुर्चीत दचकले. आपल्या पंजाकडे बघितलं, मग पाटाकडे. दुसरी थाप ९०. तिसरी ७२. मग डाव्या हाताने एक, अगदी हळू. त्यांचा चेहरा मी बघत होते. आजारी माणसाला कित्येक दिवसांनी तोंडाला चव आल्यावर होतो तसा.

सुजाताने गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं गाणं, सुरू केला. रिंगण फिरायला लागलं. पहिली ओळ खालच्या सुरात, ठीक चालली. दुसऱ्या ओळीला ती वर गेली आणि गोविंदभाऊंचे हात हवेतच थांबले. नाचणाऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मालतीकाकूंनी मान हलवली. मला वाटलं, वायर सुटली की काय.

वायर सुटली नव्हती. ते मान खाली घालून ऐकत होते.

सुजाता थांबली नाही, तिने तीच ओळ पुन्हा घेतली. आणि तिच्या समेवर त्यांचा हात पडला. ४१. मग ५८. मग दोन हलक्या, मी त्या दिवशी मांडीवर बघितल्या होत्या तशाच. त्यापुढचे आकडे मला सांगता येणार नाहीत. माझा चष्मा भिजला होता आणि पुसायला हात मोकळे नव्हते, मी टाळ्या देत होते. मालतीकाकूंची घडी कधी सुटली ते त्यांनाही कळलं नसेल. गण संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “चला, गवळण घ्या. उगाच येळ घालवू नका.” तो फोन झाला नाही.

पॉट मात्र पुन्हा वर आणावे लागले. रागाने मी ते फार खाली नेले होते, आणि आता हात हलका झाला होता. मधोमध आणून नेलपॉलिशचा नवा ठिपका दिला. तो अजून तसाच आहे.

गौरीच्या दुपारी त्यांच्या नाचाची बारी होती, मी मुद्दाम गेले. अंगण माणसांनी भरलं होतं. गोविंदभाऊ खुर्चीत बसून बाह्या सारत होते, नजर पॅडवर. सुजाताने मिक्सरपाशी जाऊन मुख्य स्पीकरचं बटण पूर्ण खाली केलं. मग जागेवर बसली, माईक ओठांजवळ नेला आणि काहीतरी म्हणाली. बाहेर कोणालाच ऐकू गेलं नाही. मी जवळ होते, मला ओठ दिसले. “बाबा.”

गोविंदभाऊंनी मान वर न करता उत्तर दिलं, “हां गो. बसलोय. कर चालू.”

म्हणजे ती दुसरी वायर कशाची, हे तिला कळलं होतं. सुजाता उठून आली, स्पीकरचं बटण वर केलं. जाता जाता माझ्याजवळ थांबली.

“माझ्या लहानपणापासून ढोलकी वाजवताना बाबा पुढे बघायचे,” ती म्हणाली. “गेली काही वर्षं सारखे माझ्या गळ्याकडे बघतात. मला वाटायचं, माझ्या चुका मोजतायत. त्या रविवारी पहिल्यांदा त्यांनी बघितलं नाय.” मग तिने त्या दुसऱ्या वायरीवरचा पाचोळा बोटाने बाजूला केला. “अर्थिंग चांगलं लागलंय, ताई.”

आणि जाऊन गायला बसली. ओरडून गायली नाही. तिच्या नेहमीच्या आवाजात गायली.

विसर्जन झाल्यावर गोविंदभाऊंनी शपथ पाळली. कान दाखवून आले, सोबत सुजाता होती. आता बोलायला कानात मशीन असतं आणि वाजवायच्या वेळी ते खिशात जातं. घुंगरांचा त्यात नुसता कलकलाट होतो म्हणतात. फणस बरा.

माझ्याकडे अजून अशा तक्रारी येतात. पॅड फार जोरात वाजतो, सिग्नल कमी करून द्या. मी करून देते, पाच मिनिटांचं काम आहे. पण पॉटला हात लावण्याआधी आता विचारते, वाजवतंय कोण, आणि त्याला परत काय ऐकू येतंय. आणि रबरी वॉशर विचार करून घालते.